बॉनेटवरची थाप

खारीक नावाच्या कुत्रीच्या केसपेपरवर ‘इजेचं कारण’ या रकान्यात सातपुत्यांनी लिहिलं : अनोळखी गाडी.

“कणा मोडलाय, काका,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या. “ऑपरेशन केलं तरी मागचे पाय चालतील की नाही, सांगता येत नाही. लघवीसुद्धा रोज तुम्हालाच पोट दाबून काढावी लागेल. नाहीतर इंजेक्शन देऊन शांत करू.”

हे रोज डोळ्यांसमोर नको, इंजेक्शनच बरं, असं त्यांच्या मनात आलं. विचारात त्यांनी स्टीलच्या टेबलावर दोन थापा मारल्या.

तशी खारीक पुढच्या दोन पायांवर फरफटत बाजूला सरकू लागली. गाडीखाली झोपणाऱ्या खारकेला त्यांनीच शिकवलं होतं : बॉनेटवर थाप पडली की बाजूला व्हायचं. आज सकाळी घाईत थाप मारायची राहिली होती.

सातपुत्यांनी ‘अनोळखी’ खोडून ‘माझी’ लिहिलं.

“पोट कसं दाबायचं,” त्यांनी मान वर न करता विचारलं, “दाखवता का?”