चावी काढल्यावर

"घाट चढली तर गाडी तुझी, नाही तर भंगारात," असं दादाने सगळ्यांसमोर धाकट्या बहिणीला, विदुलाला बजावलं होतं. आता वडिलांच्या गाडीचं ते जुनं इंजिन, तिने स्वतः बसवलेल्या टर्बोच्या जोरावर, घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढलं होतं आणि स्टिअरिंगवरचा दादा ओठ चावत होता.

माथ्यावर त्याने गाडी थांबवली.

"लगेच बंद करू नकोस," शेजारी बसलेली विदुला म्हणाली. "टर्बो लालबुंद तापलाय. तेल फिरायचं थांबलं, तर आतल्या आत करपेल."

"मग करपू दे की! भंगारवाल्याला आजच फोन करतो. बापाच्या गाडीला नळ्या जोडतेय, शहाणी!" तिच्या डोळ्यांत बघत त्याने चावी फिरवली आणि उपसून मुठीत धरली.

इंजिन चालूच राहिलं.

दादाने चावीकडे पाहिलं, मग थरथरणाऱ्या बॉनेटकडे. "हे काय गं?"

"टायमर. चावी काढली तरी इंजिन दोन मिनिटं चालतं." विदुला दार उघडून उतरली. "टर्बो नंतर बसवला, दादा. आधी तुझ्या स्वभावाची सोय केली."

चावी मुठीत धरून दादा इंजिन बंद व्हायची वाट बघत बसला.