थांबून बोलणारा डबा

"परत थांबला," असं म्हणत धाकटीने डब्याची वायर लॅपटॉपला जोडली.

डबा म्हणजे बाबांचा आवाज. आजारपणात त्यांची वाचा गेली, हलता राहिला तो उजवा अंगठा. मांडीवरच्या छोट्या पडद्यावर अक्षरं सरकत. बटण एकदा दाबलं की अक्षर निवडलं जाई, झटकन दोनदा दाबलं की लिहिलेलं सगळं मिटे, आणि दाबून धरलं की डबा वाक्य बोलून दाखवी. त्या पडद्यात कुणी डोकावायचं नाही, हा नियम धाकटीचाच. माणूस बोलायच्या आधी त्याच्या तोंडात कोण बघतं?

प्रोग्रामही तिनेच लिहिलेला. नोकरी अर्धवेळ करून तिने बाबांना आपल्या घरी आणलं, आणि ते बोलते झाले. याचा तिला भारी अभिमान होता.

दादाच्या घरी तळमजला होता, नर्स ठेवायची तयारी होती. दर रविवारी तो बाबांना एकच प्रश्न विचारी. डबा बराच वेळ गप्प राही आणि मग म्हणे, "इथेच बरं आहे."

"चहाला तर लगेच हो म्हणतो तुझा डबा," दादा या वेळी म्हणाला होता.

"हो म्हणायला एक अक्षर लागतं. लांब वाक्य जड जातं त्याला."

"मग नीट कर. पुढच्या रविवारी मी शेवटचं विचारतो. तेच म्हणाले, तर पुन्हा विषय काढणार नाही."

बाबा दादाकडे गेले तर, ही धास्ती तिला होतीच. म्हणून ती कामाला लागली.

कामावरच्या मैत्रिणीने चुका शोधणारी एक तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या आज्ञांचा संच, सुचवली. पण धाकटीने कानाला खडा लावला होता. मागे अशीच एक उसनी लायब्ररी आत घेतली, तर ती आपलं अख्खं गणगोत घेऊन आली. डब्याची चिमुकली मेमरी भरली आणि बाबा आठवडाभर मुके झाले. आता जे करायचं ते घरच्या सामानात.

घरचं सामान म्हणजे "बोल" ही एक आज्ञा. डबा कुठे अडतो ते ऐकू यावं म्हणून तीच तिने प्रोग्रामच्या पायरीपायरीवर पेरली. अक्षर घेतलं की डब्याने "एक" म्हणायचं, शब्द पुरा झाला की "दोन", वाक्य झालं की "तीन". मिटवायच्या पायरीवर मात्र, जे मिटणार असेल तेच बोलून दाखवायला सांगितलं. न जाणो, जुनं काही मागे राहत असेल.

मग तिने स्वतःच्या अंगठ्याने एक लांबलचक वाक्य न चुकता लिहिलं. डबा शाळेतल्या पोरासारखा आकडे म्हणत सुटला. बाबांचे डोळे हसले. "तीन" झाल्यावर मात्र तो रेंगाळला. बोलण्याआधी दर वेळी आवाजाची फाइल नव्याने उघडत होता. काखेत कळसा! फाइल एकदाच उघडावी म्हणून तिने ती ओळ प्रोग्रामच्या सुरुवातीला नेली, रेंगाळणं गेलं.

"सापडला चोर," ती बाबांना म्हणाली. मग कानांवर पडलेले आकडे एकेक करून काढून टाकले आणि लॅपटॉप मिटला.

रविवारी दादा आला. चहा झाला. त्याने खुर्ची बाबांजवळ ओढली. धाकटी ओले हात पुसत दारात उभी राहिली. आज तिला धास्ती नव्हती.

"बाबा, माझ्याकडे येता?"

टक. टक. टक. अंगठा सावकाश चालू होता. दोघं भावंडं खाली बघत थांबली. मग अंगठा थांबला. बाबांनी नजर वळवून दाराकडे, लेकीकडे पाहिलं.

टकटक. झटकन, दोनदा.

"ने मला," डबा स्वच्छ आवाजात म्हणाला. "ही फार थकली."