पहिला घास

जीवरामने तीन किलोचा कटला पुष्पाबाईच्या उंबऱ्यावर ठेवला आणि हात गळ्यातल्या रुमालाला पुसले. मासा अजून तोंडाची उघडझाप करत होता.

"अक्का, तुना पोऱ्या पाणीमा नही, असं तू म्हनस ना? मंग हाऊ मासा रांध आनि आमना समोर खाय."

अंगणात भोई वस्तीतली दहा-बारा माणसं उभी होती. पुष्पाबाईच्या नजरेला नजर द्यायची कुणाची छाती नव्हती. सगळे माशाकडेच बघत होते.

पुष्पाबाईचा मुलगा वना जाऊन अकरा दिवस झाले होते. सकाळी जाळं टाकायला पोरगा एकटाच होडी घेऊन धरणात गेला आणि दुपारी होडी रिकामी तरंगताना सापडली. जाळं अर्धं पाण्यात, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत, माणसाचा पत्ता नाही. वस्तीने दोन दिवस बुड्या मारल्या, गळ ओढले. सरकारी बोटही आली, फोटो काढून गेली.

आश्विन सरत आला होता. पाऊस संपून पाणी निवळलं की कटला काठाशी येतो. वर्षातले हे तीन-चार आठवडेच वस्तीच्या खऱ्या कमाईचे. यंदा तर मासा असा लागला होता, की जाळी फाटत होती. आणि पिंपळनेरच्या बाजारातून पाट्या भरलेल्याच परत येत होत्या. माणूस ज्या पाण्यात पडलाय, त्या पाण्यातला मासा कोण खाणार? गिऱ्हाईक पाटीपाशी वाकायचं, मासा कुठला ते विचारायचं आणि कोंबडीच्या दुकानाकडे वळायचं. त्याला तरी काय बोलणार? वस्तीतल्या चुलीवरही अकरा दिवसांत मासा चढला नव्हता.

यावर तोड एकच होती, ती सगळ्यांना ठाऊक होती. माणूस सापडत नसेल तर कणकेचा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, दिवस घालायचे. मग पाणी मोकळं होतं. बाजारही ते मानतो.

पण पुष्पाबाई त्याला कबूल होईल तर ना! पहिल्या दिवसापासून तिचं एकच पालुपद. "मना वना सुरतले गया. भांडीसन गया. दिवाईले येई."

सून दिपमाला पहिले दोन दिवस काठावरून हलली नव्हती. चौथ्या दिवशी उठली ती कुंकू पुसून, बांगड्या काढूनच. त्यावरून सासूने तिला नको नको ते ऐकवलं. जिता नवरा मारून टाकलास म्हणाली. दिपमालाने उलटा शब्द काढला नाही. तेव्हापासून ती घराच्या कोपऱ्यात बसून होती.

"खासू," पुष्पाबाई म्हणाली. "काबर नही खाऊ?"

तिने मासा स्वतः विळीवर चिरला. काळा मसाला वाटला, चूल पेटवली. वासाने कुत्री अंगणात जमली. माणसं तर होतीच. तासाभराने ती ताट घेऊन उंबऱ्यात बसली. भाकरीचा तुकडा मोडला, त्यात माशाचा एक तुकडा धरला आणि हात वर नेला.

हात ओठांपाशी थांबला.

अकरा दिवस ती गावाला जे सांगत होती, ते तिने स्वतः कधी मानलंच नव्हतं. हे गावाला आत्ता दिसलं आणि तिलाही आत्ताच कळलं. घास ताटात पडला. तिने पुन्हा उचलला. पुन्हा तेच.

"घास गयामा उतरस नही रे, जीवराम," ती म्हणाली आणि अकरा दिवसांत पहिल्यांदाच रडली. छाती पिटून रडली. शेजारच्या बायाही रडू लागल्या.

जीवरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वनाला पोहायला त्यानेच शिकवलं होतं. आजची युक्ती त्याचीच, ती लागू पडली होती, आणि आता मान वर करायची त्याला लाज वाटत होती.

"सकायले कनकेना माणूस करूत, अक्का," तो कसाबसा म्हणाला. "आते रडी ले."

तेवढ्यात दिपमाला कोपऱ्यातून उठली. सासूसमोर येऊन बसली. तिने ताट स्वतःकडे ओढलं, पडलेला घास उचलला आणि तोंडात घातला. मग दुसरा. काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि तिसराही खाल्ला.

अंगणातल्या बायांचं रडणं बंद पडलं. एका म्हातारीने तोंडावर पदर घेतला.

"पोरी!" जीवराम ओरडला. "काय करस तू हाई?"

दिपमालाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. आज गप्प राहिली असती, तर उद्यापासून ती वस्तीत मानाने विधवा म्हणून राहिली असती. तिला हे चांगलं कळत होतं. पण समोर सासू अजून ऊर फोडत होती आणि ते तिला बघवत नव्हतं. तिने घास गिळला आणि सासूचे दोन्ही हात धरले.

"रडू नको, आत्याबाई. तो पाणीमा नही. सुरतलेच शे, तठे दुसरी बायको करी त्यानी. तिसरा दिनले माले फोन उना व्हता. म्हने, माले मरी गयेल समज."