सुहैबची सोबत

“खुर्ची समोरच आहे, सुहैब,” मैसूनबाई म्हणाल्या. तरी तो तिला धडकलाच.

त्याच्या बापाच्या, अबू सुहैबच्या, काळजात चर्र झालं. पोरगा जन्मांध खरा, पण जॉर्डनमधल्या इर्बिद शहराच्या भर बाजारातून एकटा येऊन बापाचं सुक्या मेव्याचं दुकान उघडायचा. आणि कॉलेजच्या कचेरीत पाऊल टाकलं तर असा गडबडला!

मैसूनबाई तिथं अपंग विद्यार्थ्यांच्या मदतीचं काम बघायच्या. “फी जवळजवळ माफ होईल. वर्गात ने-आण करायला, वाचून दाखवायला एखादा विद्यार्थी देऊ.”

“परका नको,” सुहैब पुटपुटला. “घरचं माणूस असेल तर येतो. नाहीतर राहू दे ते कॉलेज.”

“डोकं फिरलंय का तुझं?” बाप उखडला. “मी या वयात तुझ्या शेजारी बाकावर बसू?”

“रुबा आहे की घरी.”

रुबा अबू सुहैबची थोरली मुलगी. बारावीनंतर तिला घरी बसवलं ते त्यानंच. पोरगी रडली, रुसली, पण हा ढिम्म. दिलेला शब्द तो बाजारात फिरवत नसे, घरात कशाला फिरवेल?

“सोबत्याला भत्ताही मिळतो,” मैसूनबाई म्हणाल्या.

“मुलीच्या पैशावर जगायची वेळ आलेली नाही माझ्यावर! त्यातली फुटकी कवडी घरात नको.”

पण निघताना सुहैब दारालाही धडकला आणि बापाचा ताठा गळाला. आपल्या हट्टापायी पोराचं शिक्षण बुडालं तर?

“जाऊ दे तिला,” तो म्हणाला. “पण त्याचा हात धरून जायचं, हात धरून यायचं. बाकी काही नाही.”

“बरं बाबा,” रुबा घरी एवढंच म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

कॉलेज सुरू झालं. सकाळी रुबा भावाचा हात धरून निघे. गल्ली म्हणे, बहीण असावी तर अशी. संध्याकाळी ती मोठमोठ्यानं वाचायची आणि सुहैब खुशाल घोरायचा.

“अरे, तिच्या घशाला कोरड पडली, जरा लक्ष दे!” अबू सुहैब ओरडायचा. त्याला मुलीची खरंच दया यायची.

जानेवारीत बर्फ पडलं. पोर घसरेल या धास्तीनं त्यानं दुपारीच दुकान बंद केलं आणि कॉलेज गाठलं.

फाटकातूनच सुहैब दिसला. एकटा! हातात पांढरी काठी, जी बापानं घरी कधी पाहिली नव्हती. पायऱ्या झपाझप उतरला, कुणाला तरी हाक मारून हसला आणि बाकावर जाऊन बसला.

अबू सुहैबचं डोकं सणकलं. “त्याची बहीण कुठं उलथली?” त्यानं रखवालदाराला विचारलं.

“रुबा होय? ती औषधशास्त्राच्या वर्गात, हाजी. उशिरा सुटते.”

“मग त्याला वर्गात कोण नेतं?”

“त्याला कोण कशाला हवं? इथल्या सगळ्या वाटा पायाखालच्या आहेत त्याच्या. स्वतःचे तास आटपून तोच रोज तिच्यासाठी थांबतो. सोबतीच्या भत्त्यातून तिची फी भरतो.” रखवालदारानं उसासा टाकला. “एवढ्याशा पोरावर बहिणीच्या शिक्षणाचा भार! बाप लवकर गेला असणार बिचाऱ्यांचा.”