झोपलेला हात

कॅनडातल्या विनिपेग शहरातल्या आमच्या ग्रंथालयात मी दुपारी मुलांना कॉम्प्युटरवरचे खेळ शिकवतो. त्या दिवशी बाहेर संथ बर्फ पडत होतं. डावखुरी ओडील एकटीच आली आणि माउस उजवीकडे घेऊन बसली.

"डावीकडे ठेव की."

"बाबा म्हणाले, खेळांच्या स्पर्धेत जायचं तर उजव्या हाताने शिक, नाहीतर घरी बस." तिचा आवाज बारीक झाला. "तुगास सर, तुम्हीही डावखुरे होतात ना?"

"होतो. साठ वर्षांपूर्वी शाळेत शिकवणाऱ्या नन, आमच्या सिस्टर, माझा डावा हात रिबनने खुर्चीला बांधायच्या. वर्षभरात उजव्याने लिहायला शिकलो."

"मग डावा कुठे गेला?"

"झोपला," मी हसत म्हणालो.

"साठ वर्षं? आळशीच आहे."

पडद्यावर खेळाडूचं नाव विचारलं होतं. तिथे एकेक अक्षर उमटू लागलं.

"सर, तुम्ही काय लिहिताय?"

माझ्या उजव्या हातात कॉफीचा कप होता. डावा मात्र कीबोर्डवर होता. पहिलीतल्या मुलासारखा तो एका बोटाने अक्षरं शोधत होता आणि मला त्याचा स्पर्शही जाणवत नव्हता.

'सिस्टर, आता सोडा ना.'

ओडीलने ते वाचलं आणि माउस डावीकडे घेतला.

माझा हात लिहीतच राहिला.