नाथाचं गाऱ्हाणं

धोंडूकाकांनी वॉशिंग मशीन बंद केलं, लुंगीला हात पुसले आणि रवळनाथाच्या तसबिरीपुढे नारळ ठेवला.

"नाथा, बूट काढ नि हय येऊन उभो रव."

नाथा म्हणजे नेथन. वय छत्तीस, गाव इंग्लंडातलं ग्रिम्सबी, खेळायची जागा मिडफिल्ड. सतरा वर्षांत अकरा फुटबॉल क्लब झाले, त्यातला अकरावा हा अंधेरीचा. टीमचे कपडे-बूट सांभाळणाऱ्या काकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव विचारलं, "आमच्या देवाचा नाव घेऊन इलो मेलो!" म्हणाले, आणि बारसं उरकून मोकळे झाले.

रुचिरा दारातच थबकली. ती टीमची फिजिओ. हातात एक कागद होता. नेथनच्या उजव्या गुडघ्यात आता काही राम उरला नव्हता. हट्टाने आणखी खेळला असता तर चार वर्षांच्या लेकीला उचलून जिना चढणंही जमलं नसतं. आज सरावाआधी त्या कागदावर सही करायची आणि खेळणं थांबवायचं, असं काल दोघांचं ठरलं होतं. काकांना कोणी सांगायचं, ते मात्र राहूनच गेलं.

"काका, एक मिनिट..."

"गप गो. गाऱ्हाण्यात मधी बोलूचा नसता." काकांनी डोळे मिटले. "बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" नेथनने खणखणीत साथ दिली. प्रत्येक मॅचआधी पोरं हे म्हणायची, त्यामुळे त्याला कुठे काय म्हणायचं ते पाठ होतं. अर्थाशी त्याचा काही संबंध नव्हता. देवाला बरं वाटतं, एवढंच कोणीतरी त्याला सांगितलं होतं.

"हो तुझो लेक, तुझो झील नाथा, सात समुद्र ओलांडून हय इलेलो आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या गुडघ्याक जी काय इडापिडा आसात, ती दूर कर, आणि तेका अजून दोन वर्सा खेळव रे म्हाराजा!"

रुचिराने जीभ चावली. नेथन एकटाच, छाती भरून ओरडला, "व्हय म्हाराजा!"

काका खूश. नेथन खूश. त्याने हसत रुचिराकडे पाहिलं आणि तिचा चेहरा बघून त्याचं हसू मावळलं. काय मागितलं, असं त्याने इंग्रजीत विचारलं. तिने सांगितलं, आणि 'व्हय' म्हणजे हो, हेही.

"आणि मी हो म्हणालो?"

"म्हणालास. जोरात."

तो बाकावर बसला. हसण्यावारी नेईल असं तिला वाटलं होतं, पण गडी गंभीर झाला. "मग आता? देवाला शब्द दिलाय मी."

झालं! आता हा पुन्हा दोन वर्षं खेळायचं काढणार, असं रुचिराला वाटलं. तिने कागद काकांपुढे धरला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. गुडघा, डॉक्टर, लेक, सही, सगळं.

काका कागदाकडे बघत राहिले. वाचायला चष्मा लागत होता, तो त्यांनी खिशातून बाहेर काढलाच नाही.

"माका कोणी कित्याक सांगूक नाय?"

"चुकलंच काका. माझंच चुकलं."

"असांदे." त्यांनी नारळ सरळ केला. "घातलेला गाऱ्हाणा मागे घेऊक येणा नाय. दुसरा घालूचा लागता. तेका इचार, तेका काय होया."

रुचिराने विचारलं. गोल मारणाऱ्याला सगळे विचारतात, तुला काय पाहिजे. मधल्या माणसाकडून बॉल घेतात आणि पुढे पळतात. सतरा वर्षांत हा प्रश्न नेथनला पहिल्यांदाच आला होता. तो म्हणाला, "मला रोज सहाला जाग येते. सोमवारी सराव नसेल, तरी येईल. तेव्हा उठून काय करायचं, ते मला माहीत नाही. भीती वाटते."

रुचिराने ते काकांना जसंच्या तसं सांगितलं. भीती हा शब्दही गाळला नाही.

"बा देवा म्हाराजा," काकांनी पुन्हा हात जोडले. या वेळी आवाज खाली होता. "मगाशी माझ्याकडसून चूक झाली, ती पदरात घे. ह्या नाथान सतरा वर्सा दुसऱ्यांका बॉल दिल्यान. आता तेचे पाय थांबतत. सोमवारी सकाळी उठल्यार काय करूचा, ता तेका समजू दे रे म्हाराजा. भिवाक देऊ नको."

रुचिरा नेथनच्या कानाशी लागून एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होती. ती थांबली, काकाही थांबले. दोघं नेथनच्या तोंडाकडे बघत होती.

"व्हय म्हाराजा," नेथन म्हणाला. या वेळी त्याने ते नीट, सावकाश म्हटलं. मग त्याने पेन मागितलं आणि गुडघ्यावरच कागद ठेवून सही केली. रुचिराला रडू आलं. तिने ते लपवलं नाही.

काकांनी नारळ फोडला, सुरीने खोबऱ्याचा मोठा तुकडा काढला आणि त्याच्या हातात दिला.

तेवढ्यात बाहेर शिट्टी वाजली. कोचची हाक आली, "मिडफिल्डर्स! चला, चला, लवकर!"

नेथन ताडकन उठला. खोबरं तोंडात धरून तो खाली वाकला, एक बूट पायात गेलासुद्धा.

काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बस, नाथा. खोबरा खा."