शांततेसाठी सह्या

“मी सही नाही करणार,” कबरी खोदणारे काका म्हणाले आणि कागद तिच्या हातात परत दिला.

ती बघतच राहिली. दफनभूमीच्या भिंतीला लागून सात मजली इमारत होणार होती. त्या इमारतीविरुद्ध अख्ख्या वस्तीने सह्या केल्या होत्या. दोनशे अकरा. त्यातल्या निम्म्या तिनेच दारोदार फिरून आणलेल्या. ‘मृतांची शांतता मोडू नका’ हा कापडी फलकही तिनेच शिवला होता, गिऱ्हाइकांचे ब्लाउज बाजूला सारून, एकेक अक्षर कापून. उद्या सुनावणी होती आणि तीस वर्षं इथे राबणाऱ्या माणसाचीच सही नव्हती.

“बिल्डरने चहा पाजलेला दिसतोय,” सोबत आलेले मास्तर म्हणाले. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते विरोध समिती चालवत होते.

“पाजला की. तुम्ही तर तेवढाही नाही पाजलात.”

“अहो, पण या लोकांना शांतता नको का?”

“तुम्हाला हवी असेल, मास्तर. तुमची वेळ आली की त्या टोकाला झाडाखाली जागा देतो. एकदम निवांत.”

मास्तर फणकाऱ्याने फाटकाकडे निघाले. ती हलली नाही. भिंतीकडच्या कोपऱ्यातल्या कबरी सगळ्या आखूड होत्या. तिथे तिसऱ्या रांगेत तिची लेक होती. दीड महिन्याची. घरात तिचं नाव कोणी काढत नसे. नवरा काढायला जायचा आणि अर्ध्यावरच उठून बाहेर निघायचा. लेकीसाठी आईने करावं असं आता एकच काम उरलंय, असं तिला वाटे. तिची झोप कोणी मोडू नये, एवढं बघायचं.

“काका, माझी इथे आहे.”

“माहीत आहे, ताई. मीच तर…” ते थांबले. फावड्याला लागलेली माती अंगठ्याने काढत राहिले. “हा कोपरा फार गप्प असतो हो. मोठ्यांचं ठीक आहे. पण तान्ह्या लेकराला एवढ्या शांततेत झोप लागते का कधी? माझी नात तर घर चिडीचूप झालं की दचकून उठते.”

तिची लेक झोपायची ती शिवणाच्या मशीनच्या खडखडाटात. पायडलवरचा पाय थांबला की हिचे डोळे टक्क उघडे. मग लेक झोपेपर्यंत ती नुसतीच मशीन चालवत बसायची, ना दोरा ना कापड. सासूबाई हसायच्या, “काय शिवतेस गं रिकामं?”

“झोप शिवतेय,” ती म्हणायची.

दुसऱ्या दिवशी सुनावणीला दालन गच्च भरलं होतं. मास्तर पाऊण तास बोलले. तेवढ्यात दोघा-तिघांची डुलकी झाली. मग अधिकाऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. “बोला बाई, तुमची हरकत काय?”

ती उठली आणि भिंतीवर लावलेल्या आराखड्यापाशी गेली. बोट फिरवत दफनभूमीच्या कडेला आली. तिथे गाड्या लावायची जागा दाखवली होती. मुलांचं खेळायचं मैदान पार दुसऱ्या अंगाला होतं.

“हे मैदान इकडे घ्या,” ती म्हणाली. “भिंतीला अगदी लागून. झोपाळे या कोपऱ्यात. बाकी माझी काही हरकत नाही.”

दालनात कुजबूज झाली. मास्तर अर्धवट उठले. “अगं, पोरं दिवसभर ओरडतील तिथे.”

“ओरडू देत, मास्तर,” ती म्हणाली. “तिला आवाज लागतो.”